२२ तारखेला काय काम आहे?

मी समुपदेशन करते. अजूनही अधूनमधून फोन येतो, "मॅडम ते माया कॅलेंडर, नवीन युग सुरू होतंय म्हणतात, आमच्याकडे पोरगं रात्र रात्र तेच व्हिडिओ बघतं, झोप नाही, काय करायचं?" तेव्हा मला श्रीवर्धनकडची एक मुलगी आठवते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

२०२० चा जून. लॉकडाऊन, त्यामुळे सगळं फोनवरच. ३ तारखेला निसर्ग वादळ आलं, घराचे पत्रे गेले, पोफळी आडव्या झाल्या, लाईट नाही, आणि ही शेजारच्या जनरेटरवर मोबाईल चार्ज करून आणायची आणि बघायची काय तर २१ जूनला जग संपणार! तेव्हा फिरत होतं ते, की मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या माया लोकांच्या कॅलेंडरप्रमाणे जग २०१२ ला संपणार होतं, पण आपलं जुनं कॅलेंडर बदलल्यावर दरवर्षी ११ दिवस हरवले, म्हणजे आपण आठ वर्षं मागे आहोत आणि खरं २०१२ आत्ता चालू आहे. त्यात २१ लाच सूर्यग्रहण. झालं, सगळं जुळलंच.

पहिल्या फोनला मी माती खाल्ली. विषय थोडा वाचलेला, त्यामुळे सुरूच झाले. अगं ते ११ दिवस इंग्लंडने १७५२ मध्ये एकदाच वगळले, आणि माया लोक नुसते दिवस मोजत जायचे, आपल्या जून-जुलैशी त्यांना काय करायचंय. १,४४,००० दिवसांचा एक बक्तून, तसे १३ पुरे झाले २१ डिसेंबर २०१२ ला आणि पुढचा लागला, आपलं क्षय संवत्सर संपलं की परत प्रभव लागतं ना, तसं समज. मेक्सिकोत पालेंकला तर इसवी सन ४७७२ मधली तारीख कोरलेली आहे, जग संपणार होतं तर ती कशाला कोरली? ग्वाटेमालाच्या डोंगरात माया लोक २६० दिवसांची मोजणी आजही करतात, आणि नवीन युगाचं हे जे खूळ आहे ते बरंचसं अमेरिकेतलं, १९८७ मध्ये होसे आर्ग्वेलेस या लेखकाने सामूहिक ध्यान भरवलं त्याच्या आसपासचं. ती आपली "हो मॅडम, हो मॅडम". मग रेंज गेली. की घालवली, काय माहीत.

दुसऱ्या फोनला मी एवढंच विचारलं, २२ तारखेला काय काम आहे?

बराच वेळ नुसता ताडपत्री फडफडल्याचा आवाज. मग म्हणाली, "बाबा रोपं आणूया म्हणतायत. सहा-सात वर्षं लागतात मॅडम सुपारी धरायला. आजोबांची बाग होती ती. संपलं तर बरंच ना, परत लावायला नको." जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळ विचारलं, ते विचारावंच लागतं. नाही म्हणाली, हो म्हणाली असती तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला लावला असता.

मग कळलं की बाबा सकाळी उठून पडलेल्या झाडावर जाऊन बसतात, बोलत काहीच नाहीत, आणि पंचनाम्याचं सगळं राहिलंय. मग आमचं ठरलं, मोबाईल चार्ज झाला की आधी बागेचे फोटो, व्हिडिओ नंतर, आणि झाडं मोजायला बाबांना सोबत घ्यायचं. माया हा शब्द परत काढला नाही मी. दोघांनी मिळून १८२ पोफळी मोजल्या, बाबा मधेच कुठली कुणी लावली ते सांगायला लागले म्हणे. व्हिडिओ बंद झाले नाहीत हां, रात्री बघायचीच.

२१ ला ग्रहणात आजीने पाण्यात तुळशीपत्र टाकलं एवढंच. २२ ला दुपारी मिस्ड कॉल होता, मी उलट फोन केला तर घाईत म्हणाली, "मॅडम तलाठी आलेत, मग करते."