घरघर पुढच्या चाकाची: बेअरिंगविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: १९९८ची मारुती ८०० आहे. चाळीसच्या पुढे गेलं की पुढून घरघर येते. टायर की बेअरिंग, आणि कुठल्या बाजूचं?

आधी गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू द्या. इंजिन मंदावूनही आवाज वेगाबरोबरच राहिला, तर तो चाकांचा. डांबरीवरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताच बदलला, तर बहुधा टायरचा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, त्याला भार कळतो. मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळलात की भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर, उजवीकडे वळताना वाढली तर डाव्यावर.

मग चाक उचला, गाडी स्टँडवर टेकवा. एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते, कानाला ऐकू येण्याआधीच. नंतर चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोल सांधा) किंवा सस्पेन्शनचं दुसरं काही बघा. नुसता आडवा, डावी-उजवी बाजू धरून हलवताना प्ले असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) तपासा.

प्रश्न: नवीन बेअरिंग टाकलं, हजार किलोमीटरच्या आत पुन्हा वाजायला लागलं. माल नकली असेल का?

असू शकतो. नकली बेअरिंगं बाजारात आहेत, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिल घेऊन घ्या. पण इतक्या लवकर गेलं तर आम्ही पहिला संशय बसवण्यावर घेतो.

बेअरिंगला दोन रेस, म्हणजे पोलादी कड्या, असतात, बाहेरची आणि आतली, मध्ये गोळ्या. नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या सस्पेन्शनच्या भागात) बसवताना घट्ट बसते ती बाहेरची रेस, म्हणून दाब फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. नंतर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबताना घट्ट बसते आतली, म्हणून तेव्हा मागून आधार आतल्या रेसला हवा. हे उलटं झालं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर प्रत्येक गोळीचा बारीक खळगा उमटतो. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण गाडी त्यावरून चालायला लागली की घरघर सुरू होते आणि पुढे पृष्ठभाग सोलत जातो. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगचं हेच होतं. पंधरा मिनिटांच्या प्रेसच्या कामासाठी लेथवाल्याकडे जा. योग्य मापाची चकती त्याच्याकडे नसेल, तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस घासून जरा सैल करून वापरता येते.

आणखी तीन कारणं. जुन्या मारुती ८०० मध्ये नकलमध्ये दोन बॉल बेअरिंगं आणि त्यांच्यात स्पेसर असतो. तो बसवायचा राहिला, तर नट आवळताच बेअरिंगं चेपतात. दुसरं, सील जुनेच ठेवले तर पावसाळ्यात पाणी आत शिरतं. तिसरं, ॲक्सल नट, म्हणजे हबच्या मधोमध असलेला मोठा नट. अशा छोट्या गाड्यांना साधारण १५० ते २०० न्यूटन मीटर लागतात, नक्की आकडा मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा. नट ढिला असताना गाडी चाकावर ढकलू नका. खिळवायचा नट (ज्याची कड ठोकून खाचेत दाबतात) असेल तर नवीन घ्या, पिनचा असेल तर पिन नवीन.

प्रश्न: हब निघाला, पण आतली रेस त्यावरच अडकून राहिली. कापू का?

आधी पुलर लावा. पकड मिळत नसेल तर ग्राइंडरने रेसवर तिरकी खाच पाडा, पण पूर्ण जाडी कापू नका. थोडी जाडी शिल्लक ठेवून खाचेत छिन्नीचा एक ठोका दिला की कडक पोलादाची रेस तडकते. गॉगल घालाच, तुकडा उडतो. हबच्या दांड्यावर खोल ओरखडा गेला, किंवा तो निळा पडलेला, झिजलेला दिसला, तर हबच बदला. सैल दांड्यावर नवी रेस फिरत राहते.

प्रश्न: माझ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीला पुढे टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेअरिंग आहेत, खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. नट किती आवळायचा?

जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढा, सुकवा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नका. तळहातावर व्हील बेअरिंगचं लिथियम ग्रीस घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, अरुंद बाजूने ग्रीस रोलरांमधून वर येईपर्यंत. हब काठोकाठ भरू नका, ग्रीस तापून सीलमधून ब्रेकवर येतं.

चाक फिरवत फिरवत नट साधारण ३० न्यूटन मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे घ्या, पुढे कधीही नाही. अगदी बारीक प्ले राहिला पाहिजे. घट्ट आवळलेलं टेपर बेअरिंग तापतं आणि जळतं.

प्रश्न: आवाज आहे, पण पुढच्या महिन्यापर्यंत चालवू का?

नुसती घरघर असेल तर गॅरेजपर्यंत. लांबचा प्रवास, घाट नको. चाकाला प्ले आला असेल तर तेवढंही नको. हब डुगडुगला की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पहिल्याच ब्रेकला पेडल खोल जातं.