युकेला आल्यावर ताण सुटेल का? एका जेआर-वनला उत्तर

तू लिहिलंस की एमडी मेडिसिनचं पहिलं वर्ष (जेआर-वन) चालू आहे, इमर्जन्सी ड्युटी आणि तिच्या दुसऱ्या दिवसाची पोस्ट-इमर्जन्सी मिळून सलग छत्तीस तास उभी असतेस, वॉर्डात कारण नसताना रडू येतं. सीट सोडून, प्लॅब (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची युकेच्या नोंदणीसाठीची परीक्षा) देऊन इकडे आलीस तर माणसासारखं जगता येईल का, असं विचारतेस. मी उत्तर इंग्लंडमध्ये आहे, तेव्हा इंग्लंडपुरतंच सांगते. स्कॉटलंड, वेल्सचे करार वेगळे आहेत.

तासांपुरतं उत्तर सरळ आहे: हो. इथल्या ज्युनियर डॉक्टरांच्या 2016 च्या करारानुसार आठवड्याची सरासरी 48 तासांपर्यंत, कुठल्याही सलग सात दिवसांत जास्तीत जास्त 72, एक पाळी 13 तासांहून मोठी नाही, सलग चार रात्रींहून जास्त नाहीत आणि त्यानंतर 46 तासांची विश्रांती. कागदावर संरक्षण आपल्याकडेही कमी नाही. 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तास आणि सहसा सलग 12 तासांपर्यंतच ड्युटी असं लिहिलंय. 2024 मध्ये एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने 74 तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत आकडा चढलाच!

फरक पडतो तो अंमलबजावणीत. पाळी संपल्यावर थांबावं लागलं की 'एक्सेप्शन रिपोर्ट' भरायचा, मग जादा पैसे किंवा बदली सुट्टी मिळते. प्रत्येक ट्रस्टमध्ये (सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेत) कामाच्या तासांवर लक्ष ठेवणारा 'गार्डियन ऑफ सेफ वर्किंग अवर्स' असतो आणि ठरावीक मर्यादा मोडल्या तर तो विभागाला दंड लावू शकतो. आपली मुलं मात्र 'सर काय म्हणतील' म्हणून रिपोर्ट भरत नाहीत. तू भर.

आता मेख. हे संरक्षण मुळात ट्रेनिंगमधल्या डॉक्टरांसाठी आहे. तुझी पहिली नोकरी बहुतेक 'ट्रस्ट ग्रेड', म्हणजे ट्रेनिंगबाहेरची, असेल आणि तिथला करार ज्या त्या ट्रस्टचा. म्हणून सही करण्याआधी विचारून घे: करार 2016 च्या अटींप्रमाणे आहे का? एक्सेप्शन रिपोर्ट भरता येतो का? सुरुवातीला निदान दोन आठवडे शॅडोइंग (दुसऱ्या डॉक्टरसोबत राहून काम बघणं) मिळेल का? रात्री किती वॉर्ड एकट्या एसएचओकडे (ज्युनियर डॉक्टरकडे) असतात? या शेवटच्या प्रश्नाला उडवाउडवी झाली तर सावध हो. इथला ताण अनेकदा रात्री तीनला, अनोळखी वॉर्डात, अनोळखी कॉम्प्युटरसमोर, ब्लीप (पेजर) वाजत असताना येतो. तिथे तुझे को-रेसिडेंट नसतात, चहाला हाक मारणारं कुणी नसतं. उत्तरेत डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, हेही धरून चाल.

आणि नोकरी मिळणं हाच आज मोठा ताण आहे. 2025 मध्ये स्पेशालिटी ट्रेनिंगच्या सुमारे 10,000 जागांसाठी 30,000 हून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले. त्याच जुलैत सरकारने इथल्या पदवीधरांना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं. प्लॅब पास होऊन महिनोन्‌महिने घरी बसलेले लोक मला माहीत आहेत. व्हिसा नोकरी देणाऱ्या ट्रस्टशी बांधलेला असतो. ती सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवस मिळतात.

इथले डॉक्टरही थकतातच. जीएमसीच्या (युकेत डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या) 2023 च्या सर्वेक्षणात जवळपास एक चतुर्थांश ट्रेनींना बर्नआउटचा मोठा धोका दिसला. पण मदत मागण्यात लाज कमी आहे. 'प्रॅक्टिशनर हेल्थ' ही डॉक्टर आणि डेंटिस्टांसाठी असलेली मोफत, गोपनीय सेवा आहे. उपचार घेतले म्हणून रजिस्ट्रेशन जात नाही. आल्या आल्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदव. आपण डॉक्टर असून हे टाळतो, का कोण जाणे.

माझं मत विचारशील तर आत्ता सीट सोडू नकोस. आधी सुट्टी घे आणि सायकियाट्रिस्टला भेट. आपल्या कॉलेजात नको असेल तर बाहेरच्याला. टेलि-मानस 14416 वर मराठीतही बोलता येतं. डोक्यात जिवाचं बरंवाईट करण्याचं काही येत असेल तर आजच, आणि घरच्यांना सांगून. बरं वाटल्यावर एमडी पूर्ण करणं झेपतंय का बघ. झेपलं तर सोबत एमआरसीपी (युकेची मेडिसिनमधली पदव्युत्तर परीक्षा) दे. त्याच्या लेखी परीक्षा भारतात होतात आणि तिन्ही भाग झाले की प्लॅबशिवाय जीएमसी नोंदणी मिळू शकते. नाहीच झेपलं तर सोड, पण सीट-लीव्हिंग बॉण्डची (सीट सोडल्यास भरायची) रक्कम ऑफिसातून लेखी घे आणि मार्डच्या (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीशी बोल. पुढे ऑफर आली की रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) मागवून मला पाठव, मी वाचून सांगते.