बटरफ्लाय मिल्कवीडचे बी रुजत नसेल तर रोपे आणावीत का?

शिकागोजवळच्या आपल्या घरी बटरफ्लाय मिल्कवीडचे बी सलग दोन वर्षे मे महिन्यात पेरूनही एक अंकुर दिसला नाही, तेव्हा आता रोपेच विकत आणावीत का, असे आपण विचारले आहे. मीही इलिनॉयमध्येच राहतो आणि प्रेअरीचे हे नारिंगी रानफूल बियांपासूनच वाढवतो. माझ्या मते आपले बी वाईट नसावे. त्याला हिवाळा मिळालेला नाही, एवढेच.

प्रेअरीत हे बी शरद ऋतूत शेंग उकलून वाऱ्यावर उडते आणि बर्फाखालच्या ओल्या मातीत पडून राहते. तो ओला गारठा सोसल्याशिवाय बहुतेक बिया रुजत नाहीत. म्हणून नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठण्यापूर्वी, भरपूर उन्हाच्या आणि पाणी न साचणाऱ्या जागी बी पेरावे, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती पसरावी आणि बाकीचे काम थंडीवर सोपवावे. वसंतातच पेरायचे असल्यास बी ओलसर वाळूत मिसळून, पिशवीत बांधून, निदान 30 दिवस फ्रिजमध्ये ठेवावे. वाळू मुठीत दाबली असता पाणी गळू नये, नाहीतर बुरशी धरते.

उगवल्यानंतर खरी परीक्षा असते ती धीराची. पहिल्या वर्षी वर वीतभरच रोप दिसते, कारण ते आपली सगळी शक्ती सोटमुळाकडे वळवते. फुले बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळ्यात येतात. वसंतात हे झाड इतरांपेक्षा बरेच उशिरा डोके वर काढते. एका मे महिन्यात ते मेले असे समजून मी तेथे कुदळ चालवली आणि गाजरासारखे जाड, पांढरे, जिवंत मूळ दोन तुकडे होऊन वर आले. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी मी काठी रोवून ठेवतो.

रोपे अवश्य आणावीत, परंतु लहान आणि खोल कुंडीतली, कारण मोठे झालेले झाड मूळ दुखावल्यास सहसा सावरत नाही. त्यांवर कीटकनाशक मारलेले नाही, याची खात्री करून घ्यावी. खत घालू नये, आणि रोप एकदा धरले की पाणीही बेताचेच द्यावे.

हे झाड आपल्याकडच्या रुईच्याच कुळातले आहे. बियांना तीच रेशमी म्हातारी असते, मात्र रुईसारखा पांढरा चीक याला येत नाही. रुईवर दिसणारा पिवळा मावाही येथे उन्हाळ्यात शेंड्यांवर गर्दी करतो. तो बोटाने पुसून काढावा, पण आधी पान उलटून पाहावे. टाचणीच्या डोक्याएवढा, उभ्या रेषांचा एखादा मोतिया ठिपका दिसला, तर ते मोनार्क फुलपाखराचे अंडे असते, आणि त्या पानाला हात लावू नये.