निवडून आलेला शिक्षण मंडळ सदस्य वीस-बावीस वर्षं नेमकं करतो काय?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत काही राज्यांत शिक्षण मंडळाचे सदस्य लोक मतदान करून निवडतात, तर अशा सदस्याची दीर्घ कारकीर्द चालते कशी, पगार किती आणि तो पडतो कशामुळे? टेक्ससवरून सांगतो, कारण तिथलं मंडळ सगळ्यात जास्त गाजलंय.

पगार शून्य. प्रवासखर्च मिळतो, बस. मंडळावर १५ जण. २०२० च्या जनगणनेनुसार एकेका मतदारसंघात सुमारे १९ लाख ४० हजार माणसं येतात. तिथल्या खासदाराच्या वाट्याला साडेसात लाखांहून थोडी जास्त येतात. म्हणजे खासदाराच्या अडीचपट मतदारसंघ, आणि काम बिनपगारी! त्यामुळे या पदावर निवृत्त शिक्षक किंवा स्वतःचा व्यवसाय असलेली माणसंच जास्त दिसतात. आपल्याकडे राज्य मंडळावर शासन नेमणूक करतं. जवळचं उदाहरण द्यायचं तर विधान परिषदेचा शिक्षक मतदारसंघ, पण तिथे मतदार फक्त शिक्षक.

उभं राहायला वय किमान २६ आणि मतदारसंघात वर्षभराचं वास्तव्य लागतं. पक्षाच्या प्रायमरीचा (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचा) अर्ज निवडणुकीआधीच्या डिसेंबरात, फी ३०० डॉलर. मुदत चार वर्षांची, पण दर दहा वर्षांनी मतदारसंघांची फेररचना झाली की पंधराच्या पंधरा जागांवर निवडणूक होते आणि मग चिठ्ठ्या टाकून कोणाला दोन वर्षं, कोणाला चार, ते ठरतं. त्यामुळे ‘इतक्या टर्म’ या हिशोबाला फार अर्थ नाही; वर्षं मोजावीत.

आता खरं काम. बैठका वर्षातून चार-पाच, राजधानी ऑस्टिनला, तीन समित्या. अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर आधी शिक्षकांचे गट काम करतात, मग तो मंडळापुढे वाचनांना, म्हणजे चर्चा आणि मतदानाच्या फेऱ्यांना, येतो. इथे जुना सदस्य आणि नवखा यांतला फरक उघडा पडतो. टेक्ससच्या अभ्यासक्रमात ‘इन्क्लूडिंग’ आणि ‘सच ॲज’ हे दोन शब्दप्रयोग वेगवेगळ्या वजनाचे आहेत. एखादं नाव ‘इन्क्लूडिंग’च्या पुढे आलं की ते शिकवणं सक्तीचं आणि परीक्षेत येऊ शकणारं, ‘सच ॲज’च्या पुढे आलं की नुसतं उदाहरण, शिकवा नाहीतर सोडा. नवखा सदस्य आपल्या आवडत्या नेत्याचं नाव घुसवून खूश होतो. मुरलेला काहीच न खोडता एवढे दोन शब्द बदलायची दुरुस्ती मांडतो, आठ मतं जमवतो आणि काम फत्ते. पुढे प्रकाशक पुस्तकं त्या ओळीवर बेततात. दुसरीकडे, प्रत्येक दुरुस्ती मंजूर होत गेली की यादी फुगते आणि वर्षभरात शिकवून संपत नाही. हे दुखणं जुनंच आहे.

पुस्तकं थेट बदलायचा अधिकार मात्र १९९५ च्या कायद्याने बराच छाटला: त्यानंतर बरीच वर्षं अभ्यासक्रम किती पाळलाय, तथ्यांच्या चुका आहेत का, बांधणी कशी आहे, एवढंच बघता येत होतं. म्हणून भांडण पुस्तकांकडून अभ्यासक्रमाच्या शब्दांवर सरकलं. दुसरं मोठं काम १८५४ साली २० लाख डॉलरवर सुरू झालेल्या, राज्यातल्या शाळांसाठीच्या कायम शालेय निधीचं. तो आता स्वतंत्र महामंडळ सांभाळतं, पण त्याच्या नऊ संचालकांत पाच जण याच मंडळाचे असतात. बातम्या विज्ञानात उत्क्रांती कशी शिकवायची या भांडणाच्या होतात, पैशाच्या नाही.

पडायचं ठिकाण म्हणजे प्रायमरी. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाकडे इतके झुकलेले असतात की नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती. प्रायमरीला मतदान कमी, आणि शिक्षण मंडळाचं नाव मतपत्रिकेवर बरंच खाली. टेक्ससमधल्या ब्रायन गावचे दंतवैद्य डॉन मॅक्लरॉय १९९८ मध्ये निवडून आले, २००७ मध्ये गव्हर्नरने त्यांना अध्यक्ष केलं. विज्ञानाच्या अभ्यासक्रमावरून वाद पेटला आणि मे २००९ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये त्यांच्या अध्यक्षपदाच्या नेमणुकीवर १९ विरुद्ध ११ मतं पडली. दोन तृतीयांश भरली नाहीत, अध्यक्षपद गेलं, सदस्यत्व राहिलं. मार्च २०१० च्या प्रायमरीत ते एक टक्क्याहून कमी फरकाने हरले. मतदारांना ते फार कडवे वाटले, असं सर्वसाधारण मत.

फोर्ट वर्थच्या पॅट हार्डी यांचं नेमकं उलट झालं. सामाजिक शास्त्रांच्या (इतिहास-भूगोल वगैरे) निवृत्त शिक्षिका, रिपब्लिकन, २००२ मध्ये पहिल्यांदा निवडून आल्या. मार्च २०२४ च्या प्रायमरीत त्या पक्षातल्याच जास्त कडव्या उमेदवाराकडून हरल्या. माझ्या मते मॅक्लरॉय यांच्यापेक्षा त्यांची कारकीर्द जास्त शिकवून जाते, कारण प्रायमरी हरल्यावरही मुदत वर्षअखेरपर्यंत उरते आणि त्या काळात तुमच्यावर कोणाचाच धाक नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ब्लूबॉनेट’ हा बायबलमधले संदर्भ असलेला प्राथमिक वर्गांचा सरकारी पाठ्यक्रम मतदानाला आला. जो शाळा-जिल्हा तो घेईल त्याला दर विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा मिळणार होते. पाठ्यक्रम ८ विरुद्ध ७ ने मंजूर झाला. विरोधातल्या सातांत चार डेमोक्रॅट होते आणि तीन रिपब्लिकन; त्या तिघांत हार्डी होत्या.