जॉन बेट्स क्लार्क पदकासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं का?

नाही, नागरिकत्व लागत नाही. अर्थतज्ज्ञ अमेरिकेत काम करणारा आणि चाळिशीच्या आतला असला की झालं. पदक देणाऱ्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचा निकषच तसा आहे. 2010 च्या मानकरी एस्थर डुफ्लो तेव्हा फ्रेंच नागरिकच होत्या. खरी आडकाठी वयाची. 2009 पर्यंत पदक दर दोन वर्षांनी द्यायचे, त्यामुळे एक फेरी हुकली की चांगले चांगले वयातून बाद व्हायचे. 2010 पासून ते दरवर्षी देतात. मात्र याला अनुदान समजू नका. संशोधनाला पैसा हवा असेल तर नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेकडे सहसा विद्यापीठामार्फत प्रस्ताव जातो, आणि मंजूर रक्कमही विद्यापीठाकडेच येते.