पंपाला ड्राइव्ह बसवायचा की एफडी तशीच राहू द्यायची?

नमस्कार सेक्रेटरी साहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतचं कोटेशन तीनदा. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वाकडची ११ मजली सोसायटी, ८४ फ्लॅट, कॉमन मीटरचं बिल महिन्याला ५२,००० च्या आसपास. खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला साडेसात एचपीचे दोन पंप, आलटून पालटून चालतात, एकाची मोटर तीनदा रिवाइंड (जळालेली तार काढून नवी गुंडाळणं) झालीये. वरच्या दोन मजल्यांना प्रेशर मिळावं म्हणून दोन एचपीचा बूस्टर वेगळा. एका व्हेंडरने सगळं मिळून ४,६०,००० चं कोटेशन दिलंय, नवीन आयई४ (मोटरच्या कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तितकी वीज कमी) मोटरवाले पंप, तिन्हींना व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा), नवं पॅनल, आणि वर तोंडी आश्वासन की बिलात ४० टक्के बचत म्हणजे महिना २० हजार वाचणार. पैसे एकरकमी नसतील तर १५,४०० चे ३६ हप्ते, "व्याज फक्त ६.८ टक्के". तुमचा प्रश्न असा की सिंकिंग फंडाची ९ लाखांची एफडी मोडायची की हप्ते घ्यायचे.

माझं उत्तर, दोन्ही नको. पण का ते नीट सांगतो, कारण एजीएममध्ये तुम्हालाच उभं राहायचंय.

आधी बघू पंप मुळात खातो किती. ८४ फ्लॅट, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला ४५,००० लिटर पाणी, म्हणजे ४५ घनमीटर. टाकी ३८ मीटर वर आणि पाइपातलं घर्षण धरून म्हणू ४२ मीटर. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला २.७ वॅट-तास लागतात, हे शाळेतलंच गणित, कुठल्याही कंपनीचं नाही. गुणाकार केला की दिवसाला साधारण ५ युनिट येतात, हे झालं निव्वळ उचलण्याचं काम. तुमचा पंप जुना, मोटर आणि पंप मिळून ३५ टक्केच कामाचं समजू, तरी दिवसाला १५ युनिट होतात. वॉचमन सांगतो पंप अडीच-तीन तास चालतो, मोटर ताशी ६ युनिटच्या आसपास ओढत असणार, तो हिशोबही तिथेच येतो. तुमच्या बिलाला युनिटांनी भागलं तर सगळे आकार धरून १४ रुपये पडतात. म्हणजे गच्चीवर पाणी चढवायचा महिन्याचा खर्च ६,२०० ते ६,३०० रुपये!

आता सांगा, जो पंप महिन्याला सहा हजारांचीच वीज खातो तो २० हजार वाचवणार कुठून? उद्या वीज फुकट झाली तरी सहाच वाचतील आणि हप्ता १५,४०० चा. व्हेंडरने ४० टक्के लावले अख्ख्या कॉमन बिलाला, ज्यात दोन लिफ्ट, पार्किंगचे दिवे, जिना, जिम, सगळं आलं. मुद्दाम केलं का अनवधानाने हे मी बोलत नाही.

माझ्या हिशोबावर विश्वास ठेवू नका हं, पंपाच्या स्टार्टरला एक सबमीटर लावून घ्या, दोन-तीन हजारांचं काम, आणि १५ दिवस वॉचमनला वहीत रीडिंग लिहायला सांगा. टाकी ओव्हरफ्लो होत असेल किंवा कुठे गळती असेल तर तेही त्यातच कळेल. तुमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतात म्हणता, तर गळतीचे पैसे विजेपेक्षा टँकरमध्येच जास्त जात असतील.

ड्राइव्हचं गणित. व्हीएफडी वाईट नाही, जागा चुकतेय. पंपाचा वेग कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, हेड (पंप पाणी किती उंच ढकलतो ते) वेगाच्या वर्गाने आणि वीज घनाने, म्हणून ८० टक्के वेगाला वीज निम्म्यावर येते असं ब्रोशरमध्ये छापतात आणि ते खोटंही नाही, पण ते कुठे, तर जिथे सगळा जोर पाइपातल्या घर्षणाविरुद्ध लागतो तिथे, एसी प्लँटचं फिरतं पाणी वगैरे. तुमच्याकडे ४२ पैकी ३८ मीटर सरळ उंची आहे, ती वेग कमी केला म्हणून कमी होत नाही. तुमच्या पंपाच्या पट्टीवर जास्तीत जास्त हेड ५५ मीटर लिहिलंय, ८० टक्के वेगाला त्याचं ३५ होतं आणि टाकी ३८ वर! मोटर फिरत राहणार, पाणी आतल्या आत घुसळणार, गच्चीवर एक थेंब नाही. मग ड्राइव्ह कायम फुल स्पीडलाच ठेवावा लागतो आणि वर ड्राइव्ह स्वतः दोन-चार टक्के खातो ते वेगळंच.

आमच्या स्वतःच्या सोसायटीत हे केलंय म्हणून सांगतो. तळघरातल्या पंपरूममध्ये ड्राइव्ह बसवला, दुसऱ्या पावसाळ्यात ओल जाऊन त्याचं कार्ड उडालं, बायपास (ड्राइव्ह वगळून मोटर थेट चालवायची सोय) ठेवलेला नव्हता म्हणून दीड दिवस बिल्डिंगला पाणी नाही, आणि तेव्हा कमिटीवर मीच होतो 😅

मग मोटर? आयई३ आणि आयई४ वर फार जीव टाकू नका. या साइझच्या २८८० आरपीएमच्या मोटरला आयई३ म्हणजे ८९.२ टक्के, आयई४ म्हणजे ९०.९. तुमच्या वापरावर हा फरक वर्षाला हजाराच्या आतबाहेर बसतो, आणि कोटेशनमध्ये आयई४ चे जादा १२,००० लावलेत, ते फिटायला बारा-तेरा वर्षं! मोटर दिवसाला २० तास चालत असती तर मीच म्हटलं असतं घ्या. तुमच्याकडे खरा चोर पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक आहे. रिवाइंड केलेली मोटरसुद्धा ८५ टक्के देत असेल, पण झिजलेला किंवा चुकीच्या हेडचा पंप चाळिशीत अडकतो.

तुम्हीच जोडलेलं दुसरं कोटेशन, त्या लोकल डीलरचं, साध्या आयई३ मोनोब्लॉकचं (मोटर आणि पंप एकाच तुकड्यात), स्टार्टर आणि फिटिंगसकट ५८,०००, ते मला बरं वाटतं. अट एकच, पंप ४२ मीटरला तासाला किती लिटर देतो आणि त्या पॉइंटला किती टक्के एफिशियन्सी हे पंपाच्या कर्व्हवर (किती उंचीला किती पाणी, त्याचा आलेख) दाखवायला सांगा, "साडेसात एचपी आहे साहेब" हे उत्तर नव्हे. एकूण ५५ टक्के मिळाले तरी १५ चे साडेनऊ युनिट होतात, वर्षाला साधारण २८,००० वाचतात, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास वसूल. तीनदा रिवाइंड झालेला पंप काढा, दुसरा स्टँडबाय म्हणून राहू द्या.

आता एफडी. ७ टक्क्यांनी ४,६०,००० चं वर्षाचं व्याज ३२,२०० होतं. म्हणजे एफडी मोडून हे सगळं बसवलं तर गेलेलं व्याजच गच्चीच्या पंपांच्या बचतीपेक्षा जास्त, मुद्दल तर परत येतच नाही. शिवाय सिंकिंग फंड आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि आर्किटेक्टने दाखला दिलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, जनरल बॉडीच्या ठरावाशिवाय त्याला हात लावता येत नाही. पंप हा रिपेअर फंडातला खर्च, ज्यासाठी वर्षाला बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के गोळा करतात तो. ५८,००० तिथून सहज निघतील.

आणि ते "फक्त ६.८ टक्के" फ्लॅट आहे बरं का. व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लावलंय, मुद्दल दर महिन्याला कमी होत असली तरी. १५,४०० गुणिले ३६ म्हणजे ५,५४,४००, खरा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो. ७ ने ठेवलेले पैसे राखून साडेबाराने उधार घ्यायचे, हे तुम्ही घरी कराल का?

राहिला बूस्टर. तिथे मात्र ड्राइव्ह शोभतो, कारण कोण कधी नळ सोडेल नेम नाही आणि प्रेशर सारखं हवं. पण तो मिनिटामिनिटाला चालू-बंद होतोय म्हणता, तर आधी प्रेशर टँकमधली हवा तपासा, बऱ्याचदा हवा उतरलेली असते आणि प्लंबर साध्या पंपाने भरून देतो. त्याने भागलं नाही तरच कोटेशनमधला ३८,००० चा दोन एचपीचा ड्राइव्ह सुटा मागा, वीज वाचेल म्हणून नाही तर दहाव्या-अकराव्या मजल्यावरच्या लोकांच्या शॉवरसाठी, आणि पॅनल गच्चीवरच्या लिफ्टरूमशेजारी कोरड्यात घ्या, बायपास स्विचसकट. व्हेंडर सुटं द्यायला तयार नसेल तर दुसरा बघा, पुण्यात कमी नाहीत.

सबमीटरची रीडिंग आली की पाठवा, १५ च्या जागी २५ युनिट निघाले तर मी माझे आकडे बदलेन. तोवर हप्त्यांच्या फॉर्मवर सही करू नका.