चिखलात रुतलेली थार आणि चार फुटी जॅक

प्रश्न : माझ्याकडे थार आहे. पावसाळ्यात शेताकडे जाताना तिची मागची चाके चिखलात रुततात, म्हणून नुकताच ४८ इंची हाय-लिफ्ट जॅक (दांडा वरखाली केला की छिद्रे असलेल्या उभ्या लोखंडी पट्टीवर चढत जाणारा जॅक) घेतला आहे. तो मूळ बंपरखाली लावला तर चालेल का? वापरताना कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : मूळ बंपरखाली हा जॅक अजिबात लावू नये. तो बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे भार पडताच तडकेल आणि जॅक निसटेल. हा जॅक १९०५ सालापासून अमेरिकेतील इंडियाना राज्यात तयार होतो. तिथल्या शेतांवरच्या अवजारांना भार घेणारे सरळसोट लोखंड सहज सापडत असे; आजच्या गाड्यांना ते मुद्दाम बसवून घ्यावे लागते. गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी क्रॅश गार्ड बसवण्याच्या मोहात मात्र पडू नका, कारण अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. दाराखाली चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्के जोडलेले रॉक स्लायडर, म्हणजे भक्कम लोखंडी आडवे दांडे, हा त्याहून बरा मार्ग आहे. तोही नसेल, तर रिमच्या मोकळ्या जागांत आकडे अडकवून थेट चाकच उचलणारा पट्टा मिळतो, तो घ्यावा. बॉडी उचलली तर सस्पेन्शन खाली लोंबत राहते आणि जॅक बराच वर गेला तरी चाक चिखलातच असते. पट्ट्याने ही अडचण राहत नाही.

जॅकचा तळ जेमतेम सात इंच लांब आणि चार इंच रुंद असतो. चिखलात गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून त्याखाली दोन इंच जाडीची रुंद फळी हवीच. जांभ्याचा चिरा ठेवू नये, तो भाराखाली फुटू शकतो. जॅक लावण्यापूर्वी इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा, न उचललेल्या चाकांना दगडांची उटी द्यावी आणि सगळ्यांना गाडीतून उतरवावे.

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. बहुतेकांना उचलण्याची धास्ती वाटते, पण माणसे जखमी होतात ती गाडी उतरवताना. उतरवण्यासाठी दिशा बदलणारी खटकी खाली करण्यापूर्वी दांडा उभ्या पट्टीला पूर्ण टेकलेला असला पाहिजे. तो अर्ध्यावर असताना खटकी फिरवली, तर भार एकेका छिद्राने खाली घसरत जातो आणि प्रत्येक घसरणीला दांडा प्रचंड वेगाने वरखाली आपटतो. त्या वाटेत जबडा किंवा मनगट आले तर हाड मोडते. उतरवतानाही प्रत्येक झोक्याला भार दांडा वर ढकलत असतो, त्यामुळे तो दोन्ही हातांनी घट्ट धरावा आणि डोके दांडा व पट्टी यांच्या रेषेबाहेर ठेवावे. दांडा सुटलाच, तर तो पकडायला न जाता मागे सरावे.

चाक वर आले की त्याखालच्या खड्ड्यात दगड, फांद्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत पट्ट्या) सारावेत. मात्र ते काठीने किंवा फावड्याने ढकलावेत, हात घालू नये. गाडीखाली तर कोणीही जाऊ नये. उचललेली गाडी धक्का देऊन जॅकवरून बाजूला पाडण्याची युक्ती काही जुनेजाणते सांगतात. पावणेदोन टनांच्या घरातली गाडी नेमकी कुठे कलंडेल हे कोणालाच ठरवता येत नाही, म्हणून ती युक्ती माझ्या मते सोडून द्यावी.

खरे तर रुतलेल्या दहापैकी बऱ्याच गाड्या फावड्याने चाकांपुढचा चिखल काढून आणि टायरमधली हवा कमी करून सुटतात. जॅकला हात लावण्याआधी हे करून पाहावे. तरीही जॅक वापरावा लागलाच, तर घरी आल्यावर तो पाण्याने धुवावा आणि चढणाऱ्या दोन पिनांवर पातळ तेल सोडावे. ग्रीस लावू नये, कारण त्यात वाळू अडकून पिना ऐन वेळी बसत नाहीत.